कोरडी वीज

४ मार्च, दुपारी ३.१०
कॉम्प्युटर चालू आहे. फक्त इंटरनेट नाही. हे आधीच लिहून ठेवतो, पुढेमागे कोणी विचारलं तर.

झालं ते असं. ही दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. घरात मी एकटा. एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला धूळ बघवत नाही. हिच्या कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीवर बोटभर धूळ. झाकण काढलं, व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घातली. कॉम्प्युटर आधी बंद करायला हवा होता का? बंद केला असता तर हिचं उघडं काम गेलं असतं. म्हणून मुद्दाम चालू ठेवला. हेतू चांगलाच होता.

इंटरनेटची वायर आड येत होती, ती जरा ओढली. निघेना. अजून जरा ओढली. निघाली. प्लगचा नखाएवढा पारदर्शक तुकडा उडून नळीत गेला. महत्त्वाचा नसावा. महत्त्वाची वस्तू कोणी प्लास्टिकची करत नाही. मग नळीचं तोंड आत कुठेतरी टेकलं, टिच्च झालं, आणि वायरीच्या खाचेतला हिरवा दिवा गेला.

वायर परत खोचली. दिवा नाही. फुंकर मारली. नाही.

३.४०
ही येईलच. सरळ सांगून टाकायचं. माझ्या हातून झालं. तीन शब्द. त्यात काय एवढं.

४.३०
सांगितलं. म्हणजे, वीज पडली असं सांगितलं.

५.००
थोडं स्पष्टीकरण. सांगणारच होतो. पण ही दारातच गाल धरून उभी, तोंड बधिर. त्या अवस्थेत माणसाला धक्का देणं बरं नाही. तिने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. लखलखीत ऊन. आवाज कसा नाही आला, म्हणाली. मी म्हटलं, कोरडी वीज असते, तिला आवाज नसतो. तिने नुसती मान हलवली. तोंड बधिर होतं म्हणून असेल.

काम करता येईना, म्हणून चार वाजता गॅलरीत माझ्याजवळ चहा घेत बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. बरं वाटलं. हे वाक्य लिहायला नको होतं.

५ मार्च
अपराधी वाटतंय. सकाळी न सांगता भांडी घासली.

प्रकरणाचं गांभीर्य नोंदवतो. हिला चोपन्नाव्या वर्षी नोकरी लागली आहे. घरी बसून. एका मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर पेशंट तपासून बोलतात, ते हिच्या कानात ऐकू येतं आणि ही टाइप करते. आवाज इंटरनेटवरून येतो. इंटरनेट तुटलं की डॉक्टर तुटला. तीन महिने उमेदवारी, शेवटी २८ मार्चला सलग चार तासांची परीक्षा. नोकरी लागली त्या दिवशी ही मला म्हणाली होती, की आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं, तुम्हाला काय काय येतं. मी तेव्हा पेपर वाचत होतो. अस्सं का, म्हणालो होतो.

कॉम्प्युटर घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आत बॅटरी मारून पाहिलं. खाच जळली आहे म्हणाला. विजेने होऊ शकतं का, विचारलं. तो म्हणाला, विजेने सगळंच जातं, हे कोणीतरी काहीतरी खुपसल्यासारखं दिसतंय. आजकालच्या दुकानदारांना बोलण्याचा पोच नाही.

नवीन नेटवर्क कार्ड बसवावं लागेल म्हणाला. मी वापरलेलं निवडलं. वापरलेला माल पारखलेला असतो, हा स्टोअरचा अनुभव आहे. घरी येऊन वायर खोचली. हिरवा दिवा! सुंठीवाचून खोकला गेला. आता सांगायची गरजच उरली नाही.

संध्याकाळी गुपचूप क्लीनरची पिशवी उघडून तो तुकडा शोधला. उगाच पुरावा कशाला. मिळाला नाही. विरघळला असेल.

७ मार्च
काल सकाळपासून व्यवस्थित. अकरा वाजता सहज बघायला आत गेलो, टेबलाशेजारच्या कॉटवर टेकलो आणि इंटरनेट गेलं. नशीब मी तिथेच होतो. लगेच वायर हलवून चालू करून दिलं.

दुपारी पुन्हा बघायला गेलो. पुन्हा गेलं. पुन्हा मी हजर. आज सकाळीही तसंच. कठीण प्रसंगी माणूस नेमका जागेवर असणं याला योग लागतो.

निर्धार : दर तासाला पाहणी.

८ मार्च
बिघाड शोधायला पद्धत लागते. स्टोअरमधून निवृत्त होताना आणलेलं एक कोरं रजिस्टर काढलं. रकाने आखले : दिनांक, वेळ, किती वेळ बंद, कारण, शेरा. हिला सांगितलं, प्रत्येक वेळी नोंद झालीच पाहिजे. ती म्हणाली, अहो, नोंद करू की टाइप करू? मी म्हटलं, नोंदीशिवाय सुधारणा नाही. 'कारण' हा रकाना तूर्त मी भरेन.

आजच्या नोंदी चार. कारण : हवामान.

१० मार्च
वाईट दिवस. मी पाहणीला गेलो असताना डॉक्टर एका पेशंटच्या गुडघ्याबद्दल बोलत होता. उघडायचा गुडघा, म्हणाला, डा... आणि तुटलं. की उ...? हिला कळलं नाही. हॉस्पिटलात फोन लावून विचारावं लागलं. वीस मिनिटं गेली आणि तिच्या नावावर एक चूक लागली.

डावा होता.

पण मला दुपारी जेवण गेलं नाही. कोणाचा तरी उजवा गुडघा माझ्यामुळे आज भोगणार होता. माझ्यामुळे म्हणजे, विजेमुळे. सारखा माझा उजवा गुडघा दुखतोय.

आज रात्री नक्की सांगायचं.

११ मार्च
काल ही लवकर झोपली.

१२ मार्च
इंटरनेटवाल्या कंपनीचा लाइनवाला आला. मीच तक्रार केली होती. पन्नाशीतला, बारीक, खांद्यावर वायरीचं भेंडोळं. आल्या आल्या म्हणाला, साहेब, कॉम्प्युटर कुठे आहे, आधी आतलं टोक बघतो. आत गेला तर नव्या कार्डाशेजारची जळकी खाच दिसणार. मी दारात आडवा उभा राहिलो. बिघाड बाहेरचाच आहे, म्हटलं, आतलं सगळं मी तपासलंय, एकतीस वर्षांचा अनुभव आहे. तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम असतं साहेब. मी म्हटलं, गच्चीवर बघा.

बिचारा भर उन्हात गच्चीवर चढला. तासाभराने खाली आला. लाइन चोख आहे म्हणाला. मी म्हटलं, नीट बघा. पुन्हा चढला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं काही नाही. मी फक्त शिस्त पाळली.

१५ मार्च
रविवार. मुलीचा फोन. ती परगावी असते. आधी आईशी बोलली, मग मला फोन द्यायला सांगितलं. म्हणाली, बाबा, मी त्या दिवशीचं हवामान काढून बघितलं, शंभर किलोमीटरमध्ये ढगसुद्धा नव्हता. मी म्हटलं, म्हणूनच तर कोरडी. ती म्हणाली, बाबा, आईची नोकरी आहे हो.

मला माहीत आहे. सगळ्यांना वाटतं मला माहीत नाही.

१६ मार्च
सहा वेळा गेलं. आता कडक पावलं उचलणं भाग आहे. कंपनीला लेखी तक्रार दिली, दोन प्रतींत, पोच घेऊन. 'सदर कर्मचाऱ्याने कामात हयगय केल्याचे दिसून येते.' वाक्य जमून गेलं आहे.

१८ मार्च
वाक्य जरा जास्तच जमलं. लाइनवाल्याला मेमो मिळाला. आज मेमो खिशात घेऊनच आला होता. डाव्या अंगठ्याला चिंधी. गेल्या वेळी गच्चीवरच्या पत्र्याने कापलं म्हणाला. बावीस वर्षांत पहिला मेमो, असंही म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगितलं. त्यानेच जास्त वाईट वाटलं.

त्याला चहा दिला. बिस्किटं दिली. तीन. दुसरा कप दिला. सांगावंसं वाटत होतं. तोंड उघडलंही होतं, पण त्यातून साखर हवी का एवढंच आलं. तो म्हणाला, साहेब, एकदा आत बघू द्या की. मी म्हटलं, आत बाईमाणूस काम करतंय. तो पुन्हा गच्चीवर गेला.

खाई त्याला खवखवे. माझा घसा खरंच खवखवतोय. हवा बदलली असेल.

१९ मार्च
आता प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं. उपाय :

राउटरखाली वीट ठेवली. उंचीचा फायदा होतो. टेबलफॅन राउटरवर लावला. वायर सबंध भिंतीवरून स्वयंपाकघरातल्या चंदेरी कागदात गुंडाळली, म्हणजे बाहेरचे परिणाम होणार नाहीत. चंदेरी कागद संपला. हिने पोळ्यांच्या डब्यासाठी कागद शोधला, मिळाला नाही, भिंतीकडे पाहिलं आणि पोळ्या फडक्यात बांधल्या.

कॉटवर बसून परिणाम पाहिला. दोन मिनिटांत गेलं. सवय व्हायला वेळ लागतो.

२० मार्च
आनंदाची गोष्ट. हिने आपण होऊन रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला : 'त्या वेळी खोलीत कोण होतं'. मी तिची पाठ थोपटली. संगतीचा परिणाम! जुन्या नोंदींपुढेही तिने आठवून आठवून भरलंय.

पाहिलं. सगळीकडे मीच. साहजिक आहे. एवढं लक्ष दुसरं कोण देणार?

२२ मार्च
हिला ताकीद आली. हॉस्पिटलातल्या वरच्या बाईंचं पत्र : या आठवड्यात एकवीस वेळा संपर्क तुटला. परीक्षेत एकापेक्षा जास्त वेळा तुटला तर कायम करण्याचा विचार करता येणार नाही. हिने ते दोनदा वाचलं, घडी केली, टेबलाच्या काचेखाली ठेवलं. रडली वगैरे नाही. नखं कापत बसली. दहाही बोटांची, अगदी मुळापर्यंत. टाइप करायला बरं पडतं म्हणाली.

मी दारात उभा होतो. मला स्वतःची लाज वाटली. हे मात्र खरं खरं लिहितो. मघाशी आत जाऊन सांगणार होतो, पण कॉटवर टेकलो आणि इंटरनेट गेलं. ती म्हणाली, राहू द्या हो आता. पत्रापेक्षा ते जास्त लागलं.

आणखी एक गोष्ट, कोणी वाचणार नाही म्हणून. ती दार लावून घेते तेव्हा घर फार मोठं वाटतं. निवृत्तीनंतर दोघं निवांत गॅलरीत बसू, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. तिला विचारलं नव्हतं. इंटरनेट गेलं की ती निदान मान वर करून माझ्याकडे बघते.

असो. हा मुद्दा तांत्रिक नाही.

२५ मार्च
परीक्षेच्या दिवसाची योजना तयार. सकाळी दहा ते दोन, चार तास, मी स्वतः कॉटवर बसून प्लग हाताने धरून ठेवणार. हलायचं नाही, खोकायचं नाही. आज रंगीत तालीम केली. हिच्या टेबलाखाली हात घालून बसलो. सात मिनिटांत पाय आखडला. पाच वेळा तुटलं. प्रत्यक्ष दिवशी उशी घेईन.

ही खुर्ची मागे सरकवून टेबलाखाली बराच वेळ बघत होती. काय गं, विचारलं, तर म्हणाली, काही नाही.

२७ मार्च
हिने एक कळीचा मुद्दा काढला. म्हणाली, अहो, उद्या ऐन वेळी ते कार्डच गेलं तर? जोडीला दुसरं हवं ना हाताशी. आणि ते जुन्या बाजाराशिवाय मिळायचं नाही. मी म्हटलं, जुना बाजार गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. ती म्हणाली, हो ना, दोन बस बदलाव्या लागतात, आणि पारख तुमच्याशिवाय कोणाला आहे?

प्रश्नच मिटला. प्लग धरायला कोणी नाही याची काळजी वाटते. ती म्हणाली, देवावर सोडा.

२८ मार्च, सकाळी ८.४५
निघतो. हिला शुभेच्छा दिल्या. काही लागलं तर रजिस्टरमध्ये लिहून ठेव म्हटलं.

दारात पुन्हा वाटलं, तीन शब्द. आता नको. परीक्षेच्या दिवशी मन विचलित करणं पाप आहे.

दुपारी ३.२०
परत आलो. चौदा दुकानं पालथी घातली. कार्ड मिळालं, त्याच मेकचं, थोडं गंजलेलं.

आणि इकडे! चार तासांत एकदाही तुटलं नाही! एकदाही! ही हसत होती. मी विटेकडे बघितलं, चंदेरी कागदाकडे बघितलं. डोळे भरून आले. सगळे हसत होते मला. शेवटी पद्धतच कामी येते. रजिस्टरमध्ये समारोपाचा शेरा लिहून ते बंद करतो.

३.५०
रजिस्टर उघडलं. हिच्या अक्षरात आजची नोंद होती. आहे तशी उतरवतो.

'२८ मार्च. सकाळी ९.१५. कारण : प्लगची कळ तुटलेली आहे, म्हणून प्लग खाचेत अडकत नाही. कॉटवर कोणी बसलं की कॉट टेबलाला लागते, टेबल हलतं, प्लग सुटतो. खोलीत कोण होतं : लाइनवाले भाऊ. मी फोन करून बोलावलं. नवीन प्लग बसवला. लागलेला वेळ : दोन मिनिटं. शेरा : हा तुकडा मला ४ तारखेलाच क्लीनरच्या पिशवीत मिळाला होता. कशाचा ते कळलं नव्हतं. तुम्ही सांगाल म्हणून बटणांच्या डब्यात ठेवला होता.'

शेजारी चिकटपट्टीने तो तुकडा लावला आहे. नखाएवढा. स्टोअरमध्ये आम्ही नमुना असाच लावायचो.

४.०५
वरची सगळी पानं चाळली. चौसष्ट नोंदी. 'खोलीत कोण' : चौसष्ट वेळा मी. 'कारण' : हवामान, हवामान, कंपनी, हवामान, लाइनवाला. माझंच अक्षर. फार सुवाच्य आहे.

त्या माणसाला तीनदा उन्हात गच्चीवर चढवलं. हिला महिनाभर टांगणीला लावलं. दोन मिनिटांचं काम, तो पहिल्याच दिवशी सांगत होता.

ही आत झोपली आहे. दमली असेल. मी वीट उचलून ठेवली. आवाज न करता.

२९ मार्च
आज रविवार. कंपनीचं ऑफिस बंद. तरी जाऊन कुलूप बघून आलो. भिंतीवरचा चंदेरी कागद काढला.

३० मार्च
तक्रार मागे घ्यायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. कारणापुढे अर्धी ओळ जागा. 'कोरड्या' असं लिहिलं, खोडलं. मग लिहिलं, माझ्या हातून झालं. अर्धी ओळसुद्धा भरली नाही. बाईंनी वाचलं, शिक्का मारला. मेमो रद्द होईल म्हणाल्या. एवढंच. सव्वीस दिवस मी कशाला एवढा घाबरत होतो कोण जाणे.

लाइनवाला बाहेर सायकलला वायर बांधत होता. त्याच्यापुढे उभा राहिलो. साहेब, म्हणाला, ज्या घरात आत येऊ देत नाहीत तिथला बिघाड आतच असतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी कळतं. मग मेमो का घेतलास बाबा, विचारलं. तो म्हणाला, तुमच्या तोंडून निघेल असं वाटत होतं, चहा पाजलात त्या दिवशी तर अगदी ओठांवर आलं होतं.

म्हणजे वाट बघणारे दोघं होते. अंगठा बरा आहे त्याचा. खूण राहणार म्हणाला.

१ एप्रिल
ही कायम झाली! सकाळी पत्र आलं. तारीख बघून आधी विश्वास बसेना. वरच्या बाईंना फोन करून खात्री केली. म्हणजे हिने केली. मी नुसता शेजारी उभा होतो, कॉटपासून लांब.

अस्सं का, असं या वेळी म्हणालो नाही. नुसता हात धरला. तिने थोडा वेळ धरू दिला.

कायम झाल्यामुळे वेळ वाढली. आठ ते एक, दोन ते सहा. मी कॉट उचलून बाहेरच्या खोलीत आणली. एकट्याने. कंबर धरली आहे. कोणाला सांगितलेलं नाही.

२ एप्रिल, दुपारी ४.२०
चारच्या ठोक्याला दार उघडलं. ही आपण होऊन गॅलरीत आली. पंधरा मिनिटांची सुट्टी आहे म्हणाली, रोज चारला, पहिल्या दिवसापासून होती. मग घेत का नव्हतीस, विचारलं. आधी तुम्ही पेपरात असायचात, मग सारखे आतच, म्हणाली.

चहा घेतला. तिने आभाळाकडे बघितलं. लख्ख ऊन. आज कुठे वीज पडली का हो, म्हणाली. अगदी साधेपणाने.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, नाही. त्या दिवशीही नव्हती पडली. माझ्या हातून झालं.

ती म्हणाली, हं. आणि बशीतलं शेवटचं बिस्किट मला दिलं.

सव्वाचारला आत गेली. यापुढे दार उघडं राहील, पण मी उंबरठा ओलांडायचा नाही, असं ठरलं आहे. मी शब्द दिला.

४.३५
एकदा नुसतं डोकावलो. दिवा हिरवा आहे. पाय बाहेरच होते.